आजीकडे येण्याचं कारण

माझ्या आतेभावाला आजीकडे यायचं होतं. त्यासाठी त्याला अभ्यासक्रम आखावा लागला, मार्गदर्शक शोधावा लागला, विद्यापीठाचं पत्र घ्यावं लागलं आणि हे सगळं अमेरिकेच्या सरकारला पटवून द्यावं लागलं. येणार होता तो आमच्याच घरी, खारदांड्याच्या कोळीवाड्यात. इथेच तो जन्मला आणि चार वर्षांचा होईपर्यंत वाढला. इथल्या बाजूचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कलिन्याला समाजशास्त्रात एम.ए. करत होते आणि इंग्रजी कागद वाचणारी घरात मीच होते. कायद्यातलं मला काही कळत नव्हतं. कुणाला काही शिकवलं नव्हतं. आपलं गाव हा एखाद्याच्या अभ्यासाचा विषय असू शकतो, हे तर कधी मनातही आलं नव्हतं. ज्यांच्या घरातलं कुणी असंच अडकलं आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. नावं कुणाचीच देत नाही. आत्या आणि आतोबा अजून तिथे कागदांशिवाय राहतात, त्यांना माझ्या लिहिण्याने धक्का लागता कामा नये.

आत्या २००२ साली गेली. नवऱ्याबरोबर, मुलाला कडेवर घेऊन, पर्यटक व्हिसावर, न्यू जर्सीला. ओळखीच्या एका माणसाने आतोबांना काम देतो म्हणून सांगितलं होतं. व्हिसाची मुदत संपली, काम चालू राहिलं, परत येणं लांबत गेलं. आमच्या घरात यावर उघड बोलणं कधी झालं नाही. नारळी पुनवेला, गणपतीत, शिमग्याला फोन यायचा आणि सगळे पाळीपाळीने बोलायचे. आजोबा वारले तेव्हा मात्र आत्या आली नाही. बापाच्या दिवसांनाही येत नाही ती लेक कसली, असं वाड्यातल्या बायका बयच्या तोंडावर म्हणाल्या. बय म्हणजे माझी आजी. घरात लहानथोर सगळे तिला बयच म्हणतात. बयने कुणाला उत्तर दिलं नाही. खरं कारण तिला माहीत होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं तिला वाटत नव्हतं.

ते कारण मला पुढे दादाने, म्हणजे याच आतेभावाने, फोनवर समजावलं. अमेरिकेत १९९६ साली एक कायदा झाला. व्हिसा संपल्यावर १८० दिवसांपेक्षा जास्त आणि वर्षाच्या आत राहून जो देश सोडतो, त्याला तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त राहून जो बाहेर पडतो, त्याला दहा वर्षं. शिक्षा राहण्याची, पण ती लागू होते बाहेर पाऊल टाकल्यावर. म्हणजे आत्या वडिलांसाठी विमानात बसली असती, तर नवरा, मुलगा, घर, वीस वर्षांची कमाई, सगळ्याला दहा वर्षं मुकली असती. आणि दहा वर्षांनी व्हिसा मिळेलच, असंही नाही. मी ऐकत राहिले. परदेशात बेकायदा राहणारा माणूस म्हणजे लपतछपत सीमा ओलांडणारा, असंच चित्र माझ्या डोक्यात होतं. आपल्या घरातली माणसं त्यात मोजली जातात, हे पचायला वेळ लागला. प्यू रिसर्च सेंटरच्या अंदाजाने २०२२ साली अमेरिकेत असे सुमारे सव्वासात लाख भारतीय होते. त्या वर्षी मेक्सिको आणि एल साल्वादोरनंतर आपलाच क्रमांक होता. त्यातले कितीतरी आत्यासारखे, रीतसर शिक्का मारून विमानतळावरून गेलेले.

दादाचं प्रकरण थोडं वेगळं होतं. १५ जून २०१२ रोजी ओबामा सरकारने ‘डाका’ नावाची योजना आणली. सोळा वर्षांच्या आत अमेरिकेत आलेली, जून २००७ पासून सलग तिथेच असलेली, शिकलेली किंवा शिकत असलेली मुलं त्यात बसली. त्यांना दोन वर्षांसाठी हद्दपारीपासून अभय आणि काम करायचा परवाना मिळतो, मग दर दोन वर्षांनी नूतनीकरण. नागरिकत्व त्यातून मिळत नाही, ग्रीनकार्डही नाही. दादा पंधरा वर्षांचा झाल्यावर, २०१३ मध्ये त्याला तो कागद मिळाला. अशी सुमारे पाच लाख तरुण मंडळी तिथे आहेत, बहुसंख्य मेक्सिकोची. त्यांच्या आईबापांसाठीही २०१४ साली एक योजना जाहीर झाली होती, पण ती न्यायालयात अडकली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी मतं पडली आणि ती तिथेच संपली. म्हणून एकाच घरात मुलाकडे दोन वर्षांचा कागद आणि आईबापांकडे काहीच नाही.

त्या कागदावर दादा शिकला. न्यू जर्सीने डिसेंबर २०१३ मध्ये कायदा करून अशा मुलांना सरकारी विद्यापीठात राज्यातल्या विद्यार्थ्यांइतकीच फी ठेवली, त्याचा त्याला आधार झाला. केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मात्र त्यांना मिळत नाही. तो दिवसा काम करायचा आणि जमेल तसे विषय घ्यायचा. त्यामुळे पंचविशीतही त्याची पदवी चालूच होती, आणि त्याचाच पुढे उपयोग झाला. कारण ‘डाका’वाल्यांना देशाबाहेर जाऊन परत यायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागते. तिला ‘अॅडव्हान्स परोल’ म्हणतात. ती न घेता गेलात, तर ‘डाका’ संपलं आणि परत यायला व्हिसाही नाही. आणि परवानगीसाठी तीनच कारणं चालतात: मानवी निकड, नोकरीचं काम किंवा शिक्षण. फिरायला जायचं, हे कारण चालत नाही. आजीला भेटायचं, हेही नुसतं चालत नाही.

मी आधी सुचवलं की बय म्हातारी आहे असं लिही. पण मानवी निकडीला दवाखान्याचे कागद लागतात, आणि बय ठणठणीत होती. पहाटे टेम्पोने भाऊच्या धक्क्याला जाऊन मासळी आणत होती, सकाळी पाटीवर बसत होती. तिच्या तब्येतीचे खोटे कागद करायला दादाने साफ नकार दिला. घरातल्या एका थोरल्या माणसाला तो हट्ट वाटला, मला त्याचा अभिमान वाटला. उरलं शिक्षण.

शिक्षणासाठी मायदेशी जाण्याची ही वाट मेक्सिकन मुलांनी आधी रुळवली होती. कॅलिफोर्नियात लाँग बीचला कॅलिफोर्निया–मेक्सिको स्टडीज सेंटर नावाची संस्था आहे. प्राध्यापक आर्मांदो वास्केस-रामोस यांनी तिथून ‘डाका’वाल्या विद्यार्थ्यांचे गट अभ्यासासाठी मेक्सिकोला न्यायला सुरुवात केली. मुलं तिथे शिकायची आणि मधल्या दिवसांत आपापल्या गावी जाऊन आजीआजोबांना भेटायची. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रम्प सरकारने ‘डाका’ गुंडाळायला घेतलं आणि ही परवानगी बंद पडली. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा तो निर्णय रद्द केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशांच्या आदेशानंतर वाट पुन्हा उघडली. भारतासाठी असा तयार गट नव्हता. दादाला सगळं एकट्याने उभं करायचं होतं.

हे नियम समजून घ्यायला मी वाचत होते, त्यात मला एक निकाल सापडला. ‘मॅटर ऑफ अराबेली अँड येराबेली’, एप्रिल २०१२, तिथल्या इमिग्रेशन अपील मंडळाचा. परवानगी घेऊन बाहेर गेलेल्या आणि परत आलेल्या माणसाला तो दहा वर्षांचा बंदीचा नियम लागत नाही, असं त्यात ठरलं. खटला लढणारं जोडपं भारतीय होतं, आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना भेटायला आलेलं. दादाला स्वतःला त्या निकालाची गरज नव्हती, कारण अठरा वर्षांखालचा आणि ‘डाका’तला काळ बेकायदा वास्तव्यात धरत नाहीत. पण त्यानंतर कितीतरी देशांची मुलं निर्धास्त आपल्या आजोळी जाऊ शकली ती त्या दोघांमुळे. आपल्याकडे त्यांचं नाव कुणाला माहीत नाही. असायला हवं.

सगळ्यात जास्त गोंधळले ते पासपोर्टच्या गोष्टीवर. दादाचा पासपोर्ट भारताचाच आहे. तो भारताचाच नागरिक आहे, दुसऱ्या कुठल्याच देशाचा नाही. मुंबईच्या विमानतळावर त्याला व्हिसा लागत नाही, कुणी अडवू शकत नाही. अडचण सगळी परत जाण्याची होती. मी आपल्या सरकारच्या योजना शोधत बसले. परराष्ट्र मंत्रालयाचा ‘नो इंडिया’ कार्यक्रम सापडला. त्यात परदेशातल्या भारतीय वंशाच्या तरुणांना काही आठवडे देश दाखवतात, विद्यापीठांत आणि गावांत नेतात. पण तो परदेशी नागरिक झालेल्यांसाठी आहे, अनिवासी भारतीयांना त्यात जागा नाही. मॉरिशसच्या मराठी मुलांना भारत सरकारच्या सांस्कृतिक परिषदेच्या शिष्यवृत्तीवर इथे शिकता येतं आणि ते योग्यच आहे. कित्येक पिढ्यांपूर्वी गेलेल्यांच्या वंशजांसाठी आपण दार उघडं ठेवलं. मग अजून आपलाच पासपोर्ट बाळगणाऱ्या आणि कुठेच नीट न मोजल्या जाणाऱ्या मुलांचाही विचार कुणीतरी करायला हवा. मला तशी एकही योजना सापडली नाही.

मग कामाला लागलो. दादाच्या विद्यापीठातल्या मार्गदर्शक बाई त्याला स्वतंत्र अभ्यासाचे श्रेयांक द्यायला तयार झाल्या. त्यांची अट अशी की इथे एक स्थानिक मार्गदर्शक हवा, वाचनाची यादी हवी, आठवडावार आराखडा हवा आणि शेवटी अहवाल. इथल्या एका महाविद्यालयातल्या आमच्या बाईंनी पत्र द्यायचं कबूल केलं. आराखडा करायचं काम माझं. मी पहिला आराखडा पाठवला तो संग्रहालयं, किल्ले, विद्यापीठातली व्याख्यानं असा होता. तिकडच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला: हे मुंबईतल्या कुणालाही करता येईल, मग खारदांड्यातच राहून काय शिकणार आणि ते शिकवणार कोण?

त्या प्रश्नाने मला माझ्याच गावात पहिल्यांदा वही घेऊन फिरायला लावलं. आमचा वाडा खार स्टेशनपासून रिक्षाने काही मिनिटांवर. दक्षिणेला कार्टर रोडच्या इमारती, उत्तरेला जुहू, मधे आमच्या गल्ल्या. बाहेरच्यांना इथे मासळीबाजार आणि दाटी दिसते. मला तरी काय दिसत होतं? बयने मोठ्या सुनेला मासळी विकायला कशी शिकवली, वाटा कसा लावतात, गिऱ्हाईक टिकवतात कसं, उधारी कशी लक्षात ठेवतात, बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे कशी येते, यातलं काही मी कधी विचारलं नव्हतं. ग्रंथालयात मला व्ही. बी. पुणेकरांचं सोनकोळ्यांवरचं १९५९ सालचं इंग्रजी पुस्तक मिळालं. आमच्या जमातीचा इतका तपशीलवार अभ्यास साठच्या दशकाआधीच झाला होता आणि मी समाजशास्त्र शिकत असून तो वाचला नव्हता. वाचनाच्या यादीत ते पहिलं ठेवलं.

बयला सांगितलं, दादा तुझ्याकडे शिकायला येतोय. ती म्हणाली, “मासली इकाय शिकाला आमेरिकेशी येतं कोन?” मी सगळा कायदा तिला सोपा करून सांगितला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “शिकवीन. पन मग पुरा शिकवीन, अर्धामुर्धा नाय.” आमच्या आराखड्यातलं खरं वाक्य हेच होतं. त्यावरून मी विषय पक्का केला: खारदांड्यातल्या मासळी विकणाऱ्या बाया, त्यांचा दिवस, त्यांचा हिशेब आणि त्यांची जागा. दादाने २०२३ च्या उन्हाळ्यात आय-१३१ नावाचा अर्ज भरला, फी ५७५ डॉलर. महिनोन् महिने काही कळलं नाही. परवानगी आली ती हिवाळ्याच्या तोंडावर, ठरावीक तारखांपुरती. त्या तारखांच्या आत गेलं पाहिजे आणि आत परतलं पाहिजे.

जानेवारी २०२४ मध्ये दादा आला. मुंबई विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टावर शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. दादा म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही विचारलं नाही. घरी बय दारात उभी होती. “आयलास रं पोरा,” एवढंच म्हणाली आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला. आत्या तिकडे व्हिडिओ कॉलवर होती. तिला बोलता येईना, म्हणून तिने फोन आतोबांच्या हातात दिला.

दादाने परवानगीचा मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणला होता. त्याच्या प्रती आमच्याकडे, त्याच्या वकिलाकडे आणि आत्याकडे. रात्री झोपण्याआधी तो तो कागद बघून ठेवायचा. मला आधी ते अती वाटलं. मग समजलं की त्या कागदानेही परत प्रवेशाची हमी मिळत नाही, शेवटचा निर्णय तिथल्या विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा असतो. इतकी भीती उशाशी घेऊन तो रोज पहाटे तीनला उठत होता आणि बयबरोबर टेम्पोत बसत होता.

भाऊच्या धक्क्यावर लिलाव कसा चालतो हे मीही त्याच्याबरोबर पहिल्यांदा पाहिलं. आमच्या दांड्याच्या होड्या छोट्या, त्यांची मासळी थोडी, म्हणून बाया पहाटे धक्क्यावरून किंवा ससून डॉकवरून माल घेतात. ससून डॉक १८७५ सालचा, म्हणजे बयच्या आजीपासूनचा रस्ता. टोपलीवर बोली चढते. बाया एकमेकींना डोळ्याने खुणावतात, दोघीतिघी मिळून एक टोपली घेतात आणि तिथेच वाटून टाकतात. कुणाला किती पैसे द्यायचे राहिले ते कुठेही लिहिलेलं नसतं. दादाने ते लिहून काढलं, बायांना वाचून दाखवलं. एकीने दुरुस्ती सांगितली, दुसरीने तिची दुरुस्ती खोडली. आमच्या बाईंनी ते पान वाचून मला विचारलं, हे तुझ्या प्रबंधात का नाही?

पण मला सगळ्यात मोलाचा वाटला तो भरतीचा धडा. बय घड्याळ बघत नाही, तिथी विचारते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोकणपट्टीत जुन्या माणसांना ठाऊक आहे, मला नव्हतं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळी. एकादशीला सव्वाआठ. पुनवेला आणि अवसेला ती हिशेब न करता बारा धरते, आणि वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. दादाने भरतीओहोटीचं छापील वेळापत्रक शेजारी ठेवलं. बयचं उत्तर बहुतेक दिवशी अर्ध्या-पाऊण तासाच्या आत होतं. मग त्याने त्यामागचं गणित शोधलं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढीच मागे सरते. तिथी दिवसापेक्षा जराशी लहान, त्यामुळे तिथीमागे फरक पडतो ४८ मिनिटांचा. बयच्या हिशेबात तो ४५ मिनिटांचा आहे. पंधरा तिथींत तीन-तीन मिनिटं साठून पाऊण तास होतो, आणि नेमकी तीच चूक बय पुनवेला बारा धरून मिटवते. अष्टमीला भांग असते, पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. पुनव-अवसेला उधाण, ओहोटीला खडक उघडे पडतात आणि बाया कालवं काढायला उतरतात. हे ज्ञान बयला तिच्या आईने तोंडी दिलं. ते माझ्यापर्यंत आलं नव्हतं, आणि मी तिच्याच घरात राहते.

आणखी एक गोष्ट झाली. दादा बायांशी आमच्या कोळी बोलीत बोलायचा, कारण घरात आत्या तेवढीच बोलते. मी इंग्रजी शाळेत गेले. बाया त्याच्याजवळ मोकळेपणाने बोलायच्या. त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा एक काळजी यायची: आपली जागा राहील का? मासळी आता मोबाइलवर मागवतात. वर्सोवा–वांद्रे सागरी पुलाचं काम आमच्याच किनाऱ्यासमोर चालू आहे, आणि त्याने होड्यांच्या वाटा आणि मासळीच्या जागा जातील म्हणून इथल्या मच्छीमारांनी आंदोलनं केली आहेत. त्यातच मुंबईतल्या कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतो आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत बृहन्मुंबईतल्या मच्छीमार वस्त्या नकाशावर आणून त्यांना वेगळं संरक्षण द्यायचं म्हटलं, पण वाडा नेमका कुठे संपतो, घरामागची मासळी सुकवायची मोकळी जागा त्यात धरायची की नाही, यावर भांडण चालूच आहे. एका म्हातारीने दादाला विचारलं, “तुजा कागद नाय तर तू थयचा नाय. आमचा कागद नाय तर आमी हयचं नाय?” दादाने ते अहवालात जसंच्या तसं घातलं, तिची परवानगी घेऊन. काही बायांनी नाव नको, फोटो नको म्हणून सांगितलं. ते आम्ही पाळलं. कागदाच्या भीतीत वाढलेल्या मुलाला दुसऱ्याची भीती सांगावी लागली नाही.

जायचा दिवस आला तेव्हा बयने सुकट आणि बोंबील बांधून दिले, मग दादाच्याच सांगण्यावरून काढून घेतले. विमानतळावर चौकशीला एकही नवं कारण त्याला नको होतं. नेवार्कला उतरल्यावर त्याला आतल्या खोलीत बसवलं. परवानगीवर परतणाऱ्यांना बहुतेक तिथे बसवतातच, हे वकिलाने आधी सांगून ठेवलं होतं. तरी त्याचा फोन लागेपर्यंत आमच्या घरात कुणी जेवलं नाही. अधिकाऱ्याने विद्यापीठाचं पत्र पाहिलं, काय शिकलास म्हणून विचारलं. दादाने भरतीचं गणित सांगायला सुरुवात केली. त्याला शिक्का मिळाला आणि तो बाहेर आला. आत्या बाहेर उभी होती.

अहवाल मंजूर झाला, श्रेयांक मिळाले, पदवी झाली. पण हे वाचून कुणी लगेच तिकीट काढू नये. नंतर परिस्थिती कठीण झाली आहे. २०२१ पासून ‘डाका’चे नवे अर्ज न्यायालयाच्या आदेशाने अडलेले आहेत, जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या सर्किट न्यायालयाने योजनेच्या विरोधात आणखी एक निकाल दिला, आणि सरकार बदलल्यापासून प्रवासाची जोखीम वाढली आहे. प्रत्येकाचं प्रकरण निराळं असतं. जुना हद्दपारीचा आदेश, एखादा किरकोळ गुन्हा, मुदत संपत आलेलं ‘डाका’, यातलं काहीही असलं तर परवानगी असूनही दार बंद होऊ शकतं. इमिग्रेशनच्या वकिलाला सगळे कागद दाखवल्याशिवाय घराबाहेर पडू नका, आणि नातेवाइकांच्या ऐकीव सल्ल्यावर तर मुळीच जाऊ नका.

रीतसर कागदांवर गेलेली, तरीही अडकलेली मुलंही आहेत. एच-१बी व्हिसावर गेलेल्या आईबापांबरोबर लहानपणी गेलेली, एकविसाव्या वर्षी आईबापांच्या व्हिसातून बाहेर पडणारी. ग्रीनकार्डच्या रांगेत भारतीयांना दशकं लागतात, तोवर मुलं मोठी होतात. अशी दोन लाखांहून अधिक मुलं असल्याचं त्यांच्या संघटना सांगतात, आणि त्यात भारतीय सर्वाधिक आहेत. मराठी घरांतली मुलंही त्यात आहेत. त्यातली काही नाइलाजाने इथे शिकायला येतील. त्यांना आपण काय देणार आहोत?

या सगळ्यातून माझं मत पक्कं झालं आहे. नातवाला आजीकडे यायला कारण लागू नये. पण आज लागतं, आणि ते कारण शिक्षण असेल, तर ते शिक्षण खरं असलं पाहिजे. अधिकाऱ्याला दाखवण्यापुरतं केलं तर मुलाचंही नुकसान आणि गावाचंही. आणि खरं करायचं, तर त्या मुलाइतकीच तयारी गावाची हवी. शिकवणारी माणसं आमच्याकडे आहेत, पण त्यांना शिक्षक म्हणून कुणी विचारलं नाही. आमच्या बाईंनी आणि मी मिळून एक छोटा अभ्यासक्रम लिहून ठेवला आहे. त्यात भरतीचा हिशेब आहे, धक्क्यावरचा लिलाव आहे, पाटीवरचा व्यवहार आहे, कोळीवाड्याच्या हद्दीचे कागद वाचणं आहे. शिकवणाऱ्या बायांना मानधन, त्यांची संमती, नावं न छापण्याचा त्यांचा हक्क, हे सगळं त्यात लिहिलं आहे. मुंबईतल्या महाविद्यालयांनी असे अभ्यासक्रम मान्य करावेत, पत्र देण्याची सोपी पद्धत ठेवावी आणि परराष्ट्र मंत्रालयाने अडकलेल्या भारतीय पासपोर्टधारक मुलांनाही आपल्या कार्यक्रमांत घ्यावं, अशी माझी मागणी आहे.

आत्याला यातलं काहीच लागू होत नाही. तिच्यासाठी तिथल्या संसदेला कायदा बदलावा लागेल. तो बदलेपर्यंत दादा आणि मी बयचं सगळं शिकवणं लिहून काढतो आहोत. तो तिकडून प्रश्न पाठवतो, मी बयला विचारते. आत्याही आता त्यात भर घालते, कारण ती आमच्याहून जास्त जाणते: लग्नाआधी ती बयच्या शेजारी पाटीवर बसत होती. तिचं म्हणणं आहे की अभ्यासक्रमात मासळी निवडण्याचा धडा राहिला आहे आणि तो तीच लिहिणार. आम्ही तिला होकार दिला आहे.